मामांचा बास

ज्या दिवशी मामांचा जुना बास, म्हणजे खर्जातले सूर देणारं इलेक्ट्रिक गिटार, दुरुस्तीनंतर पहिल्यांदा नीट वाजला त्या दिवशी मी लगेच मोबाइलवर रेकॉर्ड करून मामांना व्हॉट्सॲपवर पाठवलं, आणि दोन मिनिटांत त्यांचा फोन. "अरे काहीच ऐकू येत नाहीये, नुसतं तारेवर बोट घासल्याचा आवाज येतोय." बरोबरच होतं त्यांचं. बासची सगळ्यात जाड तार, ई सुराची, मोकळी वाजवली की ४१ हर्ट्झचा सूर निघतो आणि फोनचा एवढासा स्पीकर तितक्या खाली उतरतच नाही. म्हटलं मामा, रविवारी घेऊनच येतो.

त्या रविवारपर्यंत अडीच महिने काय काय चाललं होतं ते लिहून ठेवतोय. कुणाच्या घरात असाच एखादा बास माळ्यावर पडलेला असेल तर त्याला भंगारात किंवा पेंटरकडे नेण्याआधी हे एकदा वाचा.

मामा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरीला होते आणि १९७८ पासून पुढे बारा-तेरा वर्षं ऑर्केस्ट्रात बास वाजवायचे. लग्नं, गणपती, नवरात्रात कालिका यात्रेचे दिवस, कधी सिन्नर कधी निफाड, रात्री दोनला टेम्पोतून घरी आणि सकाळी परत पाळी. लोकांना बास काय ते कळायचं नाही, चार तारांचं गिटार म्हणायचे. तो गाण्यात वेगळा ऐकू येत नाही हे खरं, पण काढून घेतला की गाणं पोकळ होतं, हे मला मामांनीच लहानपणी टेपरेकॉर्डरसमोर बसवून शिकवलंय. पंचमदांची गाणी लावायचे आणि म्हणायचे, गाणाऱ्याकडे लक्ष देऊ नको, खाली बासवर टोनी वाझ काय वाजवतायत ते ऐक.

मग ऑर्केस्ट्रा बंद पडला, कीबोर्डवरच बास वाजायला लागला, आणि मामांचा बास रेग्झीनच्या पेटीत घालून वाड्याच्या माळ्यावर गेला. वाडा सराफ बाजाराच्या मागे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदेला पूर आला, नदीतली दुतोंड्या मारुतीची मूर्ती पूर्ण बुडाली, तेव्हा वाड्याच्या खालच्या खोल्यांत पाणी शिरलं. माळ्यापर्यंत नाही पोचलं, पण भिंती कित्येक महिने ओल्या होत्या आणि ती ओल पेटीत शिरलीच. त्यानंतर मामा-मामी नाशिकच्याच सिडकोत राहायला आले, सामानाबरोबर पेटीही आली आणि पलंगाखाली गेली.

मला तिची आठवण झाली ती २०२४ च्या फेब्रुवारीत. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचा हॉफनर कंपनीचा बास सापडल्याची बातमी आली होती. १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतलेला, १९७२ मध्ये लंडनमध्ये व्हॅनमधून चोरीला गेलेला, आणि पन्नास वर्षांनी कुठे निघाला तर एका घराच्या माळ्यावर. मी ती बातमी मामींना वाचून दाखवली आणि विचारलं, आपला कुठंय? त्यांनी झाडू बाजूला ठेवला आणि पलंगाकडे बोट केलं.

पेटी उघडली तेव्हा आधी वास आला, ओल्या पोत्यासारखा. आतल्या मखमलीला कसर लागलेली, बासवर बुरशीचे पांढरे ठिपके, तारा तपकिरी पडलेल्या. हेडस्टॉकवरची, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकावरची, नावाची पट्टी गेलेली, दोन बारीक भोकं तेवढी शिल्लक. नेकच्या (बासच्या लांब दांडीच्या) मागच्या पत्र्यावर मात्र स्पष्ट, 'स्टील ॲडजस्टेबल नेक, मेड इन जपान'. साठ-सत्तरच्या दशकात जपानमधून अशा गिटारी ढिगाने बाहेर पडल्या, एकाच कारखान्यातून निघायच्या आणि वेगवेगळ्या नावांच्या पट्ट्या लागायच्या. महाग वस्तू नाही. बॉडीसुद्धा अखंड लाकडाची नाही, पिकअपच्या, म्हणजे तारांखालच्या आवाज पकडणाऱ्या भागाच्या, खड्ड्यात डोकावलं की प्लायवूडचे थर दिसतात. पण वरच्या बाजूला, पिकअपच्या कडेला, रुपयाच्या नाण्याएवढा एक गुळगुळीत खळगा पडलाय, तिथला रंग जाऊन खालचं लाकूड मधासारखं झालंय. तिथे मामांचा अंगठा टेकलेला असायचा. तो खळगा बघितला आणि तिथेच ठरवलं की याला नवा करायचा नाही, वाजता करायचा.

हे दोन्ही वेगळं असतं. एका ओळखीच्या गाड्यांच्या पेंटरने मनापासून सांगितलं होतं की दे इकडे, पुटी मारून असा चकाचक लाल करून देतो की शोरूमची वाटेल. त्याने केलीही असती. पण मग तो खळगा गेला असता, आणि आवाज होता तसाच, म्हणजे बंदच राहिला असता.

पहिली चूक माझी. मोजायच्या आधी तारा मागवल्या. नेहमीच्या बासची स्केल, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी, ३४ इंच, म्हणजे ८६४ मिलिमीटर, १९५१ मध्ये फेंडर कंपनीने प्रिसिजन बास आणला तेव्हापासून हेच माप बहुतेकांनी धरलंय, म्हणून मीही तेच धरून चाललो. तारा आल्यावर लावून बघतो तर ईच्या तारेचा जाड भागच खुंटीवर येतोय. जाड भाग खुंटीला असा वळवला की तिथे तुटायची भीती असते, नाहीतर आवाज मरतो. मग पट्टी काढली. वरच्या नटपासून (खुंट्यांजवळची खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत (नेकवरच्या धातूच्या आडव्या दांड्या) मोजायचं आणि दुप्पट करायचं, एवढंच करायचं असतं. ३८१ आले, म्हणजे ७६२, म्हणजे ३० इंच. शॉर्ट स्केल. मॅकार्टनीचा हॉफनरही याच मापाचा. पहिला सेट मित्राला दिला आणि शॉर्ट स्केलचा मागवला, आणि त्याला यायला तीन आठवडे लागले ते एका अर्थी बरंच झालं, कारण खरं काम नेकचं होतं.

जुन्या बासमध्ये सगळ्यात आधी नेक बघा. रंग, चकाकी, आवाज सगळं नंतर. चार तारांचा मिळून साठ-सत्तर किलोचा ताण असतो आणि मामांनी पेटी बंद करताना तारा सैल केल्या नव्हत्या, म्हणजे तीस वर्षं तो ताण त्या लाकडावर, वरून ओल. नेक धनुष्यासारखा पुढे वाकलेला. तपासायची सोपी पद्धत अशी की तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने दाबायची, शेवटच्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने, ताणलेली तार म्हणजे सरळ पट्टीच होते, आणि मग सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे ते बघायचं. ०.३ मिलिमीटरच्या आसपास हवी. माझ्याकडे फिलर गेज होता, गाडीचे टॅपेट सेट करायचा तोच, त्याची पानं एकावर एक ठेवत गेलो तर दीड मिलिमीटर. अशा नेकवर तारा इतक्या उंच राहतात की पाचव्या फ्रेटच्या पुढे दाबताना बोटं दुखतात आणि सूर वर चढतो.

याला उपाय नेकच्या आतच असतो. ट्रस रॉड, लाकडात बसवलेली पोलादी सळई. तिचा नट आवळला की सळई नेकला मागे ओढते आणि तारांच्या ताणाला तोंड देते. नट हेडस्टॉकवरच्या छोट्या झाकणाखाली. झाकण काढलं आणि पोटात गोळा आला, नटाचे सहाही कोपरे गोल झालेले. मामांना फोन केला तर त्यांना आठवलं, की एकदा मुंबईत एका दुरुस्तीच्या दुकानात दिला होता, त्याने पक्कडीने फिरवायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि झाकण लावून तसाच परत दिला, वर पैसे घेतले. मामांना खूप वर्षांनी कळलं होतं. मला त्याचा आजही राग येतो. येत नसेल तर नाही म्हणून सांगावं, पण गोल झालेला नट झाकणाखाली लपवून देऊ नये.

आता गोल झालेला आणि वर गंजलेला नट. जोर लावला आणि सळई तुटली तर नेक कायमचा गेला. टूथपिकच्या टोकावर गंज सोडवायच्या तेलाचा एकेक थेंब घेऊन सोडत राहिलो, रात्री एक, सकाळी एक, असे पाच दिवस, लाकडाला तेल लागू नये म्हणून भोवती टिश्यू. मग पान्याचा प्रश्न. नटाच्या भोवतीची खाच इतकी अरुंद की बाजारातला कुठलाच गोटी पाना आत जाईना, त्याची भिंतच जाड. सातपूर एमआयडीसीत माझा शाळेतला मित्र वर्कशॉप चालवतो. त्याने बास टेबलावर आडवा ठेवायला लावला, व्हर्नियरने तीन वेळा मोजलं, नटाचे कोपरे सुईसारख्या कानशीने जरासे परत काढले आणि जुन्या गोटीला लेथवर धरून बाहेरून खरडत खरडत भिंत पार पत्र्यासारखी पातळ करून आणली. दिवसभर गाड्यांचे पार्ट काढणारा माणूस, लंच टायमात हे करत होता. तो पाना नटावर बसला तेव्हा टक असा बारीक आवाज आला, घट्ट, अजिबात न डुलणारा. त्या आवाजाने मला जितका धीर आला तितका पुढे कशानेच नाही आला.

पहिल्यांदा तारा सैल केल्या आणि पाव फेरा दिला. फक्त पाव. नट हलला, करकरला, पण हलला. मग परत जुन्याच तारा ताणून सुरात आणल्या आणि रात्रभर ठेवून दिला. लाकूड लगेच ऐकत नाही, आज फिरवलेलं उद्या दिसतं, त्यामुळे एका दिवशी दोन फेरे देऊन मोकळं व्हायचा मोह होतो तो आवरायचा. दुसऱ्या दिवशी १.२. मग एक दिवस नुसता थांबलो. मग परत पाव. अकरा दिवसांनी ०.४ वर आला आणि तिथे मी हात काढला, कारण नटाला आता थोडाच आटा शिल्लक असल्यासारखं हाताला जाणवत होतं आणि ०.४ वर बास छान वाजतो. पावसाळ्यात नाशकाची हवा बदलली की नेक परत थोडा हलणार, थंडीत निफाडकडचा गारठा आणि कोरडेपणा आला की परत. ते तेव्हा बघू, पाना जपून ठेवलाय.

मग आवाज. ॲम्पला लावला तर नुसती घरघर. मल्टिमीटर लावला, पिकअपच्या दोन टोकांत सर्किटच तुटलेलं. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, पोलादी तार वर थरथरली की त्या वेढ्यांत वीज उठते, बाकी काही जादू नाही. पण ती तांब्याची तार साधारण ०.०६ मिलिमीटर जाडीची, डोक्याच्या केसासारखी, ओलीने एका ठिकाणी हिरवी पडली की संपलं. ऑनलाइन विचारलं तर सगळे म्हणाले नवा पिकअप टाक. मला ते करायचं नव्हतं, कारण आवाज तर त्यातच आहे. शेवटी घराजवळच्या मोटार रिवाइंडिंगवाल्या काकांकडे गेलो, जिथे पंखे आणि विहिरीवरच्या मोटारी येतात. त्यांनी आयुष्यात पिकअप पाहिला नव्हता. भिंग लावलं, वरची कापडी पट्टी सोडवली आणि म्हणाले, "कॉइल चांगलंय रे, बाहेरचं टोक खाल्लंय फक्त." खरंच, जिथे बारीक तार जाड वायरला जोडलेली तिथेच हिरवा गंज. त्यांनी बाहेरचे चार-पाच वेढे उलगडले, तारेवरचं इनॅमल ब्लेडच्या पाठीने इतक्या हलक्या हाताने खरवडलं की मी श्वास रोखून बघत होतो, आणि डाग दिला. मीटरवर ७.२ किलोओहम. हजारो वेढ्यांतून चार-पाच गेले तर आवाजाला काही फरक पडत नाही. पैसे विचारले तर म्हणाले चहा सांग.

व्हॉल्यूम आणि टोनचे पॉट, म्हणजे फिरवायची बटणं, खरखरत होते, त्यात कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पन्नास वेळा इकडून तिकडे फिरवले की मोकळे होतात (यात गंजाचा तेलकट स्प्रे मारू नका, धूळ धरून बसतो). तरी घरघर होतीच, आणि तारांना हात लावला तरी कमी होईना. हात लावल्यावर घरघर थांबायला हवी, नाही थांबली तर ब्रिजला, म्हणजे तारा खाली जिथे अडकवतात त्या भागाला, जाणारी अर्थची वायर तुटली असं समजायचं. ब्रिज उचलला, खाली वायरचं टोक गंजून भुगा झालेलं. नवी टाकली. आणि ब्रिज काढलाच होता म्हणून भांडी बाजारातून तांबट लेनपर्यंत चालत गेलो, तिथे एका दुकानात तांब्याचा अगदी पातळ पत्रा मिळाला, कात्रीने कापता येईल असा, तो पिकअपच्या आणि पॉटच्या खड्ड्यांत आतून बसवून अर्थला जोडला. बाहेरचा इलेक्ट्रिकचा गोंगाट हा पत्रा बराचसा अडवतो. दुकानदाराने कशाला हवाय विचारलं, मी सांगितलं, तर त्याने पत्र्याच्या कडा स्वतःच हातोडीने मोडून दिल्या, हात कापू नये म्हणून.

फ्रेटचं काम मला सगळ्यात जास्त आवडलं. फ्रेट निकेल सिल्व्हरचे, त्यात चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं, म्हणून ते लोखंडासारखे गंजत नाहीत, हिरवे पडतात. मधल्या शिसवी लाकडावर मास्किंग टेप लावून एकेक फ्रेट घासला. पहिल्या तीन फ्रेटवर ई आणि ए तारांच्या खाली खाचा पडल्या होत्या, मामा जिथे सगळ्यात जास्त वाजवायचे तिथे. पूर्ण घालवायच्या तर सगळेच फ्रेट खूप खाली घासावे लागले असते, म्हणून सपाट दगडाने जेवढं लागतं तेवढंच घासलं, माथे परत गोल केले, आणि खाचांचा थोडा माग राहू दिला. एक फ्रेट उचलला होता तो ठोकून बसवला. शिसवाला जवसाच्या तेलाचा पुसट हात दिला, तर ते राखाडी लाकूड बघता बघता चॉकलेटी झालं. बॉडी ओल्या फडक्याने, भांड्याच्या साबणाचा एक थेंब घेऊन पुसली. ब्रिजचे स्क्रू दोन दिवस रॉकेलमध्ये.

तारा फ्लॅटवाउंडच घेतल्या, गुळगुळीत पट्टीच्या, मामांच्या काळात त्याच असायच्या. त्यांचा आवाज जाड आणि मऊ असतो आणि त्या वर्षानुवर्षं चालतात. अमेरिकेतल्या मोटाउन रेकॉर्ड कंपनीचा बासवादक जेम्स जेमरसन त्याच्या १९६२ च्या प्रिसिजनवर तुटल्याशिवाय तार बदलायचाच नाही. शेवटी बाराव्या फ्रेटवर सूर जुळवला. हार्मोनिक (तार न दाबता नुसती शिवून निघणारा सूर) आणि दाबलेला सूर सारखा यायला हवा, दाबलेला चढा आला तर सॅडल, म्हणजे ब्रिजवर तार टेकते तो तुकडा, मागे घ्यायचं. यात एक संध्याकाळ गेली.

रविवारी सिडकोत. १५ वॉटचा ॲम्प बरोबर नेला होता. मामा बहात्तर वर्षांचे, उजव्या हाताची मधली दोन बोटं सकाळी आखडतात, त्यामुळे मी म्हटलं आधी चहा घ्या मग बघू. ते ऐकेनात. बास मांडीवर घेतला, काही वाजवलं नाही, आधी अंगठा त्या खळग्यात ठेवला. मग नेकच्या मागून हात फिरवत वर गेले, हेडस्टॉकचं झाकण बघितलं आणि मला विचारलं, "फिरला तो?" म्हटलं फिरला. मान हलवली नुसती.

मग वाजवायला लागले. गाणं नाही, नुसते एकेक सूर, सा आणि पंचम, अगदी सावकाश, ऑर्केस्ट्रा सुरू व्हायच्या आधी सगळे सूर लावतात तसं. तिसऱ्या फ्रेटवर ईची तार दाबली आणि आतून स्वयंपाकघरातून खणखण असा आवाज आला. परत दाबली, परत खणखण. मांडणीतले स्टीलचे डबे. मामींनी मला मागे कितीदा सांगितलंय, वाड्यात असताना हे रियाजाला बसले की मला ओट्यापाशी कळायचं, ताटं वाजायची.

मामी कणकेच्या हातांनी बाहेर आल्या, दारात उभ्या राहिल्या. मामांनी तार धरून आवाज थांबवला आणि त्यांच्याकडे बघितलं. "वाजवा वाजवा," म्हणाल्या, आणि आत जाऊन डब्यांच्या मध्ये फडकं घालून आल्या.